शंभर ब्रेकचं एक लिटर

पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वरला निघालेली गाडी कोथरूडमधून पौड रस्त्याला लागते, तेव्हा उजव्या हाताला वेताळ टेकडी असते. या टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिची स्थापना 1966 ची. गाडीच्या जाहिरातीत ॲव्हरेजच्या आकड्यापुढे ‘एआरएआय’ अशी अक्षरं असतात, ती हीच संस्था. नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो. तो कसा काढतात, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतं.

चाचणीत गाडी रस्त्यावर येतच नाही. तिची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे ती ‘चालवतात’. हा आलेख 1180 सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांच्या आतला. त्यात गाडी 11 किलोमीटरही पुरी धावत नाही. सुरुवातीला शहरातल्यासारखं निघणं, थांबणं, पुन्हा निघणं चार वेळा होतं, मग एक जरा वेगवान टप्पा येतो. वेग 90 च्या वर जात नाही. चढ नाही, उतार नाही, समोरून येणारा वारा नाही, एसी बंद. अशा चाचणीत मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या जुळ्या हायब्रिड गाड्यांचा आकडा लिटरला 27.97 किलोमीटर निघाला. होंडा सिटी हायब्रिड 2022 मध्ये बाजारात आली तेव्हा तिचा आकडा 26.5 होता. इनोव्हा हायक्रॉससारख्या मोठ्या गाडीचा 23.24.

हे आकडे खोटे नाहीत. चाचणीचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता आहे आणि त्यासाठी ती योग्यच आहे. पण टेकडीच्या पायथ्याशी सुरू होणारा हा रस्ता पुढे पिरंगुट, पौड, मुळशीचा तलाव, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, साई, म्हसळा असं करत समुद्रापर्यंत जातो. शहरातली गर्दी, तलावाकाठचे चढउतार, पाचशे मीटरचा घाट आणि कोकणातली वळणं या एका प्रवासात भेटतात. हायब्रिड गाडी कशी चालवावी हे समजून घ्यायला याहून चांगला रस्ता मला सुचत नाही.

आधी गाडीचा स्वभाव पाहू. इथे हायब्रिड म्हणजे ‘स्ट्राँग हायब्रिड’, जी काही अंतर निव्वळ विजेवर चालू शकते. गाडीवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेलं असलं तर बहुधा तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला फक्त टेकू देते, एकटीने गाडी ओढत नाही. पुढचं बरंचसं विवेचन अशा गाडीला लागू पडणार नाही.

स्ट्राँग हायब्रिडमधलं इंजिन ॲटकिन्सन पद्धतीने चालतं. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने 1880 च्या दशकात मांडलेली ही कल्पना. हवा-पेट्रोलाचं मिश्रण जितकं दाबायचं त्याहून जास्त त्याला पसरू द्यायचं, म्हणजे त्यातली जास्त शक्ती कामाला येते. अशा इंजिनाला पिकअप कमी असतो, म्हणून शंभर वर्षं मोटारीत त्याला फारसं कुणी विचारलं नाही. टोयोटाने डिसेंबर 1997 मध्ये जपानात प्रियस आणली तेव्हा पिकअपची उणीव विजेच्या मोटरने भरून काढली आणि हे काटकसरी इंजिन कामाला लागलं. साधं पेट्रोल इंजिन रोजच्या वापरात पेट्रोलातली पाव शक्तीसुद्धा धड चाकापर्यंत पोचवत नाही. हायब्रिडचं इंजिन त्याच्या आवडीच्या भारावर चाललं तर चाळीस टक्क्यांच्या जवळ जातं.

सगळी गोम या ‘आवडीच्या भारा’त आहे. हे इंजिन अगदी कमी काम करताना उधळं असतं आणि पॅडल तळापर्यंत दाबून पिटाळलं तरीही उधळं असतं. गाडीचा संगणक त्याला मधल्या पट्ट्यात ठेवायला धडपडतो. काम हलकं असेल तर इंजिन बंद करून मोटरवर चालतो, काम बेताचं असेल तर इंजिन चालवून उरलेली शक्ती बॅटरीत भरतो. चालकाने या धडपडीत आडवं येऊ नये, एवढंच मुख्यतः करायचं आहे.

सिग्नल सुटल्यावर काहीजण अंडी वाहून नेल्यासारखे निघतात. इंजिन सुरू होऊ नये, गाडी विजेवरच राहावी, हा हट्ट. ती वीज फुकटची आहे असं त्यांना वाटतं. बॅटरीत शिरलेली वीज एकतर ब्रेकमधून आलेली असते किंवा इंजिनाने पेट्रोल जाळून केलेली असते. पेट्रोलची वीज करायची, ती बॅटरीत साठवायची, पुन्हा बाहेर काढून मोटर फिरवायची, यात प्रत्येक पायरीला गळती आहे. हट्टाने विजेवर चालवून बॅटरी रिकामी केली की थोड्या वेळाने इंजिन ती भरत बसतं, आणि वाचवलेलं पेट्रोल तिथे जातं. त्यापेक्षा सरळ, बेताच्या जोराने निघावं, डॅशबोर्डवरचा काटा ‘इको’च्या वरच्या भागात राहील पण ‘पॉवर’मध्ये घुसणार नाही इतपत. हवा तो वेग आला की पाय पूर्ण उचलायचा. इंजिन बंद होतं. मग पाय पुन्हा अलगद टेकवायचा आणि गाडीला मोटरवर तो वेग राखू द्यायचा. पौड रस्त्यावर चांदणी चौकापासून पिरंगुटपर्यंतच्या गर्दीत ही पद्धत हमखास लागू पडते. पाय उचलून पुन्हा टेकवण्याची लय एकदा जमली की इंजिन अर्धा वेळ बंद असतं आणि मागच्या गाडीला कळतही नाही.

पौड मागे पडलं की मुळशीचा तलाव सुरू होतो. या धरणाचा इतिहास प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवा. 1921 मध्ये सेनापती बापटांनी इथे शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तरी धरण झालं आणि मावळातली गावं पाण्याखाली गेली. तलावातलं पाणी सह्याद्री फोडून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं. तिथे 1927 पासून वीज तयार होते आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी पाचशे मीटर खाली येताना जनित्र फिरवतं. त्याच सह्याद्रीवरून, शेजारच्याच घाटाने, हायब्रिड गाडी खाली येते तेव्हा तिची मोटरही जनित्र होते आणि गाडीच्या उंचीची वीज करते. पाण्याऐवजी इथे गाडीचं वजन खाली येत असतं.

किती वीज? हिशेब सोपा आहे. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून 1600 किलो धरू. हे वजन पाचशे मीटर खाली येताना सुमारे 2.2 युनिट ऊर्जा सोडतं. युनिट म्हणजे घरच्या वीजबिलातलंच युनिट. त्यातली काही टायर आणि हवेच्या विरोधात जाते, काही विजेत रूपांतर होताना जाते. उरते सव्वा युनिटाच्या आसपास. आणि हायरायडरची अख्खी बॅटरी आहे 0.76 युनिटांची! तीसुद्धा गाडी कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही की पूर्ण भरू देत नाही, नाहीतर तिचं आयुष्य घटेल. प्रत्यक्ष वापराला जेमतेम तीन-दशांश युनिट मिळतं. म्हणजे बॅटरी तळाशी असली तरी घाटाचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा उतरेपर्यंत ती गच्च भरते. बाकीची वीज ठेवायला जागाच नसते.

म्हणून ताम्हिणीच्या माथ्यावर पोचताना बॅटरीत जागा असावी. तलावाकाठचा शेवटचा तुकडा हलक्या पायाने, शक्य तितका विजेवर काढावा. काही गाड्यांत ‘ईव्ही’चं बटण असतं. मघाशी विजेवर चालण्याचा हट्ट नको म्हटलं, पण पुढे लांब उतार आहे हे माहीत असेल तिथे ते बटण खुशाल दाबावं, कारण रिकामी केलेली बॅटरी आता पेट्रोल न जाळता भरणार आहे. गाडीच्या संगणकाला पुढचा घाट दिसत नाही. आपल्याला दिसतो. हायब्रिड चालवताना माणसाची खरी भर पडते ती इथे.

यातून वाचतं किती, तेही सांगायला हवं. तीन-दशांश युनिटावर गाडी दोन-अडीच किलोमीटर चालते. पेट्रोलात मोजलं तर साधारण शंभर मिलिलिटर. घाट उतरताना बॅटरीचा काटा वर चढताना पाहून मन सुखावतं, पण बचत एका पेलाभराचीही नाही.

बॅटरी भरली की अचानक इंजिनाचा आवाज वाढतो. पहिल्यांदा हायब्रिड घेऊन घाट उतरणारे इथे घाबरतात आणि गाडी बाजूला घेतात. काही बिघडलेलं नसतं. वीज ठेवायला जागा उरली नाही, म्हणून गाडी आता इंजिन नुसतं फिरवून त्याच्या अडथळ्याने वेग धरून ठेवते. या वेळी पेट्रोल जळत नाही. टोयोटा-मारुतीच्या गाड्यांत गिअरच्या दांड्यावर ‘बी’ असतो, तो अशाच लांब, तीव्र उतारासाठी आहे. तो टाकल्यावर ब्रेक तापत नाहीत. एरवी सपाटीवर, गावात, ‘बी’त चालवण्यात फायदा नाही. तिथे ‘डी’मध्येच पाय उचलून, गरजेपुरता ब्रेक हलका दाबून जास्त वीज परत मिळते. होंडाच्या स्टिअरिंगमागे दोन पाती असतात, त्यांनी पाय उचलल्यावर गाडी किती अडावी हे कमी-जास्त करता येतं. त्यांचा वापर मात्र गावातही करावा.

आता न्यूट्रलबद्दल. आपल्याकडे जीप-ट्रकच्या काळापासून उतारावर न्यूट्रल मारायची सवय आहे, आणि हायब्रिडमध्येही ती करणारे आहेत. ही सवय मोडलीच पाहिजे. हायब्रिड न्यूट्रलमध्ये असताना मोटर वीज करत नाही, म्हणजे ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले तो फायदाच आपण बंद करतो. त्याहून वाईट म्हणजे सगळा भार ब्रेकच्या डिस्कवर येतो. ताम्हिणीत पावसाळ्यात धुकं उतरतं, वळणावर पाणी वाहतं, धबधब्याशी माणसं रस्त्यावर उभी असतात. तापून निकामी होत चाललेले ब्रेक घेऊन त्या वळणांवर जाऊ नये. साध्या पेट्रोल गाडीतही गिअरमध्ये पाय उचललेला असला की आजचं इंजिन पेट्रोल तोडतं, आणि न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यासाठी ते पीत राहतं. न्यूट्रलने ॲव्हरेज वाढतं ही समजूत कार्ब्युरेटरबरोबरच जायला हवी होती.

घाट उतरून निजामपूर, मग माणगाव. इथे मुंबईहून येणारे भेटतात. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून रखडत आलं आहे, पण जिथे चांगला रस्ता मिळतो तिथे गाड्या शंभरच्या वर जातात. हायब्रिडवाल्याने तिथे स्वतःला आवरावं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वरून 100 वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. एकसारख्या वेगात ब्रेक नाहीत, थांबणं नाही, म्हणून हायब्रिडला परत मिळवायलाही काही नसतं. टपावर कॅरियर आणि त्यावर ताडपत्री असेल तर विचारूच नका. मुंबईहून येणाऱ्याचं पेट्रोल वाचायचं असेल तर ते मुख्यतः या टप्प्यात, 80 च्या आसपास राहण्यात आहे.

माणगावनंतर साई, म्हसळा आणि पुढे हरिहरेश्वर. हा रस्ता मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. अरुंद वळणं, छोटे चढ, छोटे उतार, शाळेपुढचा स्पीडब्रेकर, एसटी थांबा, रस्त्यात बसलेली गुरं. सारखं पन्नास-साठवर जायचं आणि सारखं वेग कमी करायचा. साध्या गाडीला हा रस्ता महागात पडतो. हायब्रिडची कमाई इथेच आहे.

साठच्या वेगातल्या गाडीत किती ऊर्जा असते ते बघू. त्याच 1600 किलोला साधारण 0.06 युनिट. डिस्क ब्रेकने थांबलो तर ती सगळी उष्णता होऊन हवेत जाते. मोटरने थांबलो तर निम्मी तरी चाकाकडे परत येते. पेट्रोलात ही रक्कम दहा मिलिलिटरच्या आसपास. घाटाच्या शंभर मिलिलिटरपुढे ती नगण्य वाटते. पण घाट एकदाच येतो आणि ब्रेक दिवसभर दाबले जातात. साठवरून थांबण्याचे शंभर ब्रेक नीट दाबले की एक लिटर.

नीट दाबणं म्हणजे लवकर आणि हलकं दाबणं. मोटर आणि बॅटरी एका क्षणी ठरावीक वीजच घेऊ शकतात. त्याहून जोरात ब्रेक दाबला की उरलेलं काम डिस्क करतात आणि तेवढी ऊर्जा वाया जाते. डॅशबोर्डवर ‘चार्ज’चा पट्टा टोकाला जाऊन भिडला की समजावं, त्यापुढचं सगळं डिस्कमध्ये चाललं आहे. स्पीडब्रेकर शंभर मीटरवर दिसला तर तिथेच पाय उचलावा, चाळीस मीटरवर ब्रेकला हलका स्पर्श करावा. अगदी शेवटचे आठ-दहा किलोमीटरच्या वेगाखालचे क्षण डिस्कचेच असतात, तिथे काही मिळत नाही.

आणि ब्रेक दाबावाच लागला नाही तर त्याहून चांगलं. परत मिळणारी ऊर्जा निम्मी असते, न गमावलेली पूर्ण असते. पुढच्या एसटीचा मागचा लाल दिवा लागला, थांब्यावर दोन माणसं हात करताहेत, म्हणजे ती थांबणार. इतक्या लांबून पाय उचलला तर एसटी प्रवासी घेऊन निघेपर्यंत आपण तिशीच्या वेगाने मागे पोचतो आणि थांबण्याची वेळच येत नाही. यासाठी पुढच्या गाडीपासून अंतर हवं आणि नजर लांब हवी. अंतर ठेवलं की मधे कुणीतरी घुसतो, ही तक्रार खरी आहे. घुसू द्यावं.

एसीचंही सांगतो, कारण कोकणातल्या उकाड्यात तो बंद ठेवा असं सांगणं व्यर्थ आहे. स्ट्राँग हायब्रिडचा एसी बॅटरीच्या विजेवर चालतो, इंजिन बंद असलं तरी. पण उभ्या गाडीत एसी लावून बसलं की बॅटरी उतरते आणि थोड्या वेळाने इंजिन आपोआप सुरू होतं. तापमान 25-26 वर ठेवावं आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण लावावं. बहुतेक हायब्रिडांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते. ती बॅटरीला थंड हवा देण्याची वाट आहे. समुद्रावरून परतताना ओले टॉवेल, वाळूच्या पिशव्या नेमक्या तिथेच टाकल्या जातात. बॅटरी तापली की गाडी तिचा वापर कमी करते, आणि ॲव्हरेज का पडलं ते कुणाला कळत नाही. प्रवासाला निघण्याआधी, टायर गार असताना त्यांत हवा भरून घ्यावी.

हरिहरेश्वरात पोचल्यावर गाडी शक्यतो उभीच राहू द्यावी. घरगुती निवासापासून देवळापर्यंतची अर्ध्या-एक किलोमीटरची फेरी हायब्रिडला सर्वांत महाग पडते. गार इंजिन आधी स्वतःला आणि सायलेन्सरमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या भागाला तापवण्यासाठी चालतं, आणि ते तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो. काळभैरवाचं आणि हरिहरेश्वराचं दर्शन, मग ओहोटी साधून दोन कड्यांमधल्या पायऱ्या उतरून खडकावरची प्रदक्षिणा, हे सगळं पायीच करायचं आहे. गाडी दोन-तीन दिवस खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली की डिस्कवर तांबेरा चढतो. हायब्रिडमध्ये डिस्क कमी वापरल्या जात असल्याने तो सहज घासून जात नाही. निघताना मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, चार-पाच वेळा जरा जोरात ब्रेक दाबावेत. तेवढी ऊर्जा वाया गेली तरी चालेल, चिकटून घासणारे ब्रेक त्याहून कितीतरी जास्त पेट्रोल खातात.

रत्नागिरी जिल्ह्यात उतरायचं असेल तर बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला जाणारी जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, घ्यावी. आंबेतच्या पुलाचा वळसा वाचतो, आणि पेट्रोल वाचवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. रांगेत उभं असताना गाडी बंद करावी. नुसतं इंजिन थांबलं म्हणजे गाडी बंद झाली असं समजू नये. ‘रेडी’चा दिवा लागलेला असेल तर ती केव्हाही हलू शकते, आणि बोटीवर लहान मुलं गाड्यांच्या मधून फिरत असतात.

परतीला ताम्हिणी चढायची आहे. घाटाच्या उंचीसाठीच साधारण पाऊण लिटर पेट्रोल जास्तीचं लागतं, त्याला इलाज नाही. डिकीतल्या प्रत्येक शंभर किलोमागे घाटात 45 मिलिलिटर वाढतात, तेव्हा रोठा सुपारी आणि नारळ जरूर न्यावेत, पाण्याचे भरलेले कॅन कोकणातच रिकामे करावेत. चढावर एकसारखा वेग ठेवावा. ओव्हरटेकसाठी पॅडल तळाला लावत गेलं तर बॅटरी संपते, मोटरची मदत थांबते आणि छोटं इंजिन एकटं ओरडत राहतं.

हिशेब पुणे ते पुणे असाच करावा. पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंचावर आहे. जाताना गाडी ती उंची खर्च करत येते, त्यामुळे हरिहरेश्वरात डॅशबोर्डवर दिसणारा आकडा हुरळून टाकणारा असतो, पण तो निम्म्या प्रवासाचा आहे. निघताना टाकी पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, परत आल्यावर त्याच पंपावर तशीच भरा आणि भागाकार करा. तेवढा एकच आकडा खरा धरा.